यादीतले पहिले नाव

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा तेलविहिरी खोदणे, सध्याचा धंदा घरात येरझाऱ्या घालणे, राहणार पुलाजवळच्या तीन मजली इमारतीचा मधला मजला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. धाक म्हणावा तर एकच, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारचा. त्या दिवशी छातीचे डॉक्टर माझ्या हृदयातली खराब झडप काढून नवी बसवणार आहेत. मी आयुष्यभर जमिनीच्या छातीवर झडपा बसवल्या. त्या केव्हा आणि कशा दगा देतात हे मला डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून हा कागद.

अक्षर वेडेवाकडे दिसले तर कोणी शंका घेऊ नये. मी बसून लिहीत नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून उभ्याने लिहितो, आणि प्रत्येक कलमानंतर जिन्यापर्यंत एक फेरी मारून येतो. रिगवरचे लोक मला उगाच ‘भिंगरी’ म्हणत नसत. ही, म्हणजे माझी पत्नी, सकाळपासून तीनदा म्हणाली, “अहो, एका जागी बसा. मृत्युपत्र आहे ते, हजेरीपत्रक नव्हे.” बसून पाहिले. सुचत नाही.

कलम पहिले. घर.

वर लिहिलेले घर स्वकष्टार्जित आहे. कष्ट दोघांचे. मी समुद्रात असताना हिने गवंड्याशी भांडून स्वयंपाकघराची खिडकी दुप्पट मोठी करून घेतली आणि मला पत्राने कळवले, “खिडकी मोठी झाली आहे, तुम्हाला आवडली आहे.” माझ्या पश्चात हे घर पूर्णपणे तिचे. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, भिंती पाडाव्यात. ‘बाबा असते तर’ असे कोणी म्हणू नये. बाबा असते तर बहुतेक घरी नसते. तिच्या पश्चात घराचे दोन सारखे हिस्से करावेत, एक थोरल्या मुलीचा, एक धाकट्या मुलाचा. (या कलमात पुढे कलम आठव्यात बदल केला आहे. वकीलबाईंना खोडाखोड चालत नाही.)

कलम दुसरे. शिल्लक.

बँकेत जे काही असेल ते सर्व पत्नीचे. त्याचे कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे नातवंडांनी विचारले तर कोणी थातुरमातुर सांगणार नाही.

मी विसाव्या वर्षी तेलाच्या कामाला लागलो. रिगवर, म्हणजे समुद्रात लोखंडी पायांवर उभ्या असलेल्या त्या कारखान्यावर, रोज सकाळी सहा वाजता किनाऱ्यावरच्या कचेरीला वायरलेसवरून त्या दिवशीची खोली कळवायची असे. विहीर किती मीटर खाली गेली ते. पलीकडून एका मुलीचा आवाज येई, “खोली किती?” एवढेच. ना नमस्कार, ना हवापाणी. पाच महिने मी फक्त आकडे सांगितले. मग एका सकाळी तिने विचारले, “खोली किती?” आणि मी म्हणालो, “एक हजार सातशे मीटर. आणि किनाऱ्यावर दोघांना राहायला एकच खोली मिळाली, तर तुम्हाला चालेल का?”

वायरलेस सगळ्यांना ऐकू जातो. चार रिग आणि एक मालबोट कान लावून बसली होती. तिकडून थोड्या वेळाने आवाज आला, “नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा.” मी पुन्हा सांगितले, घाम पुसत. “अजून एकदा. सावकाश.” तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा मालबोटीचा कप्तानच मध्ये ओरडला, “बाई, हो म्हणा, नाहीतर आज कोणाचंच काम व्हायचं नाही!”

तिला पहिल्या वेळीच नीट ऐकू आले होते. हे तिने मला लग्नाला एकतीस वर्षे झाल्यावर सांगितले.

कलम तिसरे. हत्यारे.

माळ्यावरच्या हिरव्या लोखंडी पेटीतले सगळे पाने, पकडी, दोन मोठ्या साखळ्या आणि दाबमापक धाकट्याला द्यावेत. तो लिफ्ट दुरुस्त करतो. मी आयुष्यभर खाली गेलो, तो वरखाली करतो. घराण्यात प्रगती आहे. तो जन्मला तेव्हा मी किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरवर होतो. हिच्या जागी बसलेल्या माणसाने वायरलेसवर सकाळच्या आकड्यांत वाचून दाखवले, “वारा वायव्येचा, लाटा दोन मीटर, भिंगरीला मुलगा, तीन किलो शंभर ग्रॅम.” चारही रिगनी भोंगे वाजवले. मी त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो एकोणीस दिवसांचा होता आणि माझ्याकडे बघून रडला. धाकट्या, त्यात तुझी चूक नव्हती. दाढी वाढलेली होती.

कलम चौथे. एक जुना हिशोब, पैशांचा नव्हे.

पुढे कंपनीने मला वाळवंटात पाठवले. या वेळी मी एकटा जायला नकार दिला. दोन वर्षे आम्ही चौघे पत्र्याच्या एका लांबट घरात राहिलो. वाळूचे वादळ आले की पुढचे दिसत नसे, म्हणून हिने घरापासून न्हाणीघरापर्यंत दोर बांधला होता. मुले तो धरून जात-येत. थोरली तेव्हा सात वर्षांची. तिने त्या दोराला दर मीटरवर गाठी मारल्या आणि आम्हाला सांगू लागली, “आई आता आठ मीटरवर आहे.”

तिथे कंपनीचा एक दगडांचा तज्ज्ञ होता. आम्ही त्याला दगडूसाहेब म्हणत असू. त्याने विहीर बंद करायचा हुकूम दिला. “इथे तेल सोडाच, ओलसुद्धा लागणार नाही,” हे त्याचे शब्द. तो हुकूम वायरलेसवरून यायचा त्या दिवशी आमचा वायरलेस बिघडला. तो मीच बिघडवला होता, हे आज प्रथमच लेखी कबूल करतो. दोन दिवस जास्त खोदले. आणखी चाळीस मीटरवर तेल लागले. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात दगडूसाहेब शिरस्त्राण घालून हसत आहेत आणि कडेला एक कोपर दिसते. ते कोपर माझे.

हा फोटो, कोपराभोवती लाल शाईने गोल केलेला, दगडूसाहेबांना रजिस्टर पोस्टाने पाठवावा. ते हयात नसतील तर त्यांच्या मुलांना. पोचपावती घ्यावी.

कलम पाचवे. सुरी.

लाकडी मुठीची घडीची सुरी उंटाला द्यावी. उंट म्हणजे माझा मित्र. उंचीमुळे हे नाव. तो हल्ली नदीकाठी कोंबड्या पाळतो आणि अंड्यांच्या भावावरून जगाशी वाद घालतो.

त्या सुरीची हकिकत अशी. वाळवंटातून परतल्यावर तिसऱ्या वर्षी आम्ही समुद्रातल्या एका नव्या विहिरीवर होतो. दुपारची जेवणे नुकतीच झाली होती. जमिनीतला वायू दाबून धरायला विहिरीत जड गारा सोडावा लागतो. तो गारा आम्ही सोडला त्यापेक्षा वेगाने परत येऊ लागला. मी पाळीचा प्रमुख. मी झडप बंद करायला लावली. ती अर्ध्यावर अडकली. मग पायाखालून आगगाडी यावी तसा आवाज आला. मी सगळ्यांना होड्यांकडे पळवले. बावन्न माणसे. मोजली तर एक्कावन्न.

उंट वर होता. मनोऱ्यावर तीस मीटर उंचीवर, पाइप ओढून घ्यायच्या फळीवर. त्याच्या कमरेचा पट्टा अडकला होता आणि तो ओरडत होता ते मला दिसत होते, ऐकू येत नव्हते. मी शिडी चढलो. शूर होतो म्हणून नव्हे. खाली उभे राहून बघणे मला जमत नाही, एवढेच. पट्टा या सुरीने कापला. तेवढ्यात खाली भडका उडाला. मनोऱ्यावरून तिरकी खाली ताणलेल्या, संकटात निसटायच्या तारेवरून आम्ही दोघे एकमेकांना मिठी मारून खाली घसरलो आणि समुद्रात पडलो. उंटाचा पाय तुटला, माझ्या डाव्या हाताची दोन बोटे भाजून एकमेकांना चिकटली. माणूस एकही गेले नाही.

दवाखान्यात ही नुसती त्या हाताकडे बघत बसली. थोरली बारा वर्षांची होती. ती पलंगावर चढून बसली आणि म्हणाली, “बाबा, तारेवरून खाली यायला किती सेकंद लागले? तार किती अंशांत होती?” तिने माझ्या हाताच्या जाड पट्टीवर तो सगळा मनोरा काढला, फळीसकट. मला एवढा अभिमान वाटला की दुखणे विसरलो.

कलम सहावे. थोरलीबद्दल.

हे कलम लिहिण्याआधी मी जिन्यापर्यंत अकरा फेऱ्या मारल्या. जिना उतरायला डॉक्टरांची मनाई आहे, नाहीतर पुलापलीकडे गेलो असतो.

थोरली बावीस वर्षांची असताना तिने तेलाच्या कामासाठी अर्ज केला. रिगवर जायचे, माझ्यासारखे. घरात कोणाला न विचारता परीक्षा दिली, तोंडी चाचणी दिली, वैद्यकीय तपासणीही करून आली आणि मग सांगितले. ही घाबरली, पण हसली. मी टाळी वाजवली. तिला जवळ घेतले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीच्या कचेरीत गेलो.

भरतीसाहेब माझ्या जुन्या पाळीतला. त्याने उठून माझा हात हातात घेतला. “अरे, तुझी पोरगी यादीत पहिली आहे! पहिली! तुझ्यापेक्षा पुढे जाणार ती.”

मी म्हणालो, “तिचं नाव काढ.”

त्याला वाटले मी गंमत करतो आहे. मग त्याने माझा चेहरा पाहिला. “तिला विचारलंस?”

“मी तिथे उभा होतो,” मी म्हणालो. “मी पाहिलंय खालून काय येतं ते. माझी मुलगी त्या फळीवर नको. तू माझं काही देणं लागत असशील तर एवढं कर.” तो लागत होता. त्या बावन्नांत तोही होता.

“कारण काय लिहू?”

“काहीही लिही.”

त्याने लिहिले की डाव्या कानाने कमी ऐकू येते, त्यामुळे रिगवर असुरक्षित. पत्र आले तेव्हा ती तिथेच, आता मी लिहितो आहे त्या ओट्याला टेकून उभी होती. ती रडली नाही. म्हणाली, “बाबा, मला ऐकू येतं हो सगळं.” मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, “त्यांची यंत्रं चांगली असतात गं.”

हे वाक्य माझ्या तोंडून गेले. चोवीस वर्षे झाली.

तिने नंतर तीन कानाच्या डॉक्टरांना दाखवले. तिघांनी सांगितले, कान ठणठणीत आहे. तिने कंपनीच्या यंत्रावर विश्वास ठेवला, कारण बापाने यंत्र चांगले असते म्हणून सांगितले होते. आज ती शाळेत भूगोल शिकवते. कोणी बोलू लागले की मान वळवून उजवा कान पुढे करते. टेबलाशी बसताना डावीकडची खुर्ची घेते, म्हणजे सगळे तिच्या उजव्या अंगाला येतात. ती असे करते तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. घरातले म्हणतात, यांना चैन नाही. खरे आहे. चैन नाही.

सबब माझ्या पश्चात थोरलीस हे कळावे की तिचा कान

(इथे लिहिणे थांबले. का, ते पुढच्या कलमात लिहितो.)

कलम सातवे. बुधवार ते सोमवार.

ही माझ्या मागे उभी होती. किती वेळ, कोण जाणे. चोवीस वर्षे मी तिलाही सांगितले नव्हते. तिने कागद माझ्या हाताखालून काढून घेतला, खिडकीशी जाऊन वाचला, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला आणि परत ओट्यावर ठेवला.

“हे तिने तुम्ही गेल्यावर वाचायचं?” तिने विचारले.

“हो. म्हणून तर लिहितोय.”

“मग तिने ओरडायचं कोणावर? भिंतीवर?” तिचा आवाज चढला नव्हता, पण वायरलेसवर वादळाचा इशारा देताना होई तसा झाला होता. “बावन्न माणसं सोडून वर चढायची हिंमत होती. चार किलोमीटरवर पोरीची शाळा आहे, तिथे जायची नाही?”

“डॉक्टरांनी जिना—”

“सावकाश उतरा. मी हात धरते.”

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ऑपरेशनच्या आधीच्या गुरुवारी, मधल्या सुट्टीत मी शाळेत गेलो. ही बाहेर बाकावर बसली. थोरली नकाशांच्या खोलीत एकटी होती, नकाशे गुंडाळून कपाटात उभे करत होती. मला पाहून तिच्या हातातला नकाशा तसाच राहिला. “बाबा? तुम्ही जिना उतरून आलात? काय झालं?” आणि तिने उजवा कान माझ्याकडे केला.

मी उभ्याउभ्याच सांगितले. सगळे. भरतीसाहेबाचे, यादीचे, कानाचे. कारणे दिली नाहीत. ती तोंडाशी आली होती, गिळली.

हातातला नकाशा तिने शेवटपर्यंत गुंडाळला. मग म्हणाली, “पहिली?”

“पहिली.”

“म्हणजे माझ्या वर कोणीच नव्हतं?”

“कोणीच नाही.”

तिने हात वर नेऊन डावा कान झाकला आणि सोडला, झाकला आणि सोडला, लहान मुले करतात तसे. “मी बाळाला सुद्धा नेहमी उजव्या अंगाला झोपवायचे,” ती म्हणाली. “रडलेलं ऐकू नाही आलं तर, म्हणून. रात्र रात्र जागायचे, बाबा. तुम्ही बघितलंय मला. तुम्ही म्हणायचात, झोप गं जरा.”

मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

“तुम्हाला भीती वाटली, हे मला कळतं,” ती म्हणाली. “मग मला म्हणायचं होतं, मला भीती वाटते. मी भांडले असते, रडले असते, कदाचित ऐकलंही असतं. तुम्ही माझा कान का काढून घेतलात?”

घंटा झाली. तिने नकाशा बगलेत मारला आणि वर्गावर गेली. जाताना दार लोटले नाही, आपटलेही नाही.

शुक्रवारी फोन नाही. शनिवारी नाही. रविवारी धाकटा आला, त्याला हिने सांगितले, तो माझ्याकडे न बघता गच्चीवर गेला आणि तासाभराने खाली येऊन एवढेच म्हणाला, “औषध घेतलंत का?” सोमवारी मी घरभर इतका चाललो की खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींनी वर येऊन विचारले, काही हरवले आहे का.

कलम आठवे. बदल.

आज मंगळवार. थोरली शाळेत रजा टाकून सकाळीच आली. कोणाशी न बोलता सरळ ओट्याशी आली आणि उभ्याने हे सगळे कागद वाचले. दगडूसाहेबांच्या कोपराशी तिचे ओठ हलले, पण हसली असे मी म्हणणार नाही. कलम सहाव्यापाशी तिने बोट ठेवले.

“हे वाक्य अर्धवट आहे.”

“तुझी आई मध्ये आली.”

“पूर्ण करा. मी सांगते तसं लिहा.” आणि तिने शाळेत श्रुतलेखन घालतात तसे, एकेक शब्द तोडून सांगितले. मी लिहिले:

‘माझ्या मुलीचे दोन्ही कान चांगले होते आणि आहेत. ती यादीत पहिली होती. तिला कंपनीने नाकारले नाही. तिचे नाव मी, तिच्या बापाने, तिला न विचारता काढायला लावले.’

“आता याच्याखाली मी साक्षीदार म्हणून सही करणार,” ती म्हणाली.

वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, असे चालत नाही. मृत्युपत्रात जिला काही मिळणार आहे तिने साक्षीला सही करायची नसते, केली तर तिला ठेवलेले बाद होते. फोन मोठ्या आवाजात होता, सगळ्यांनी ऐकले.

“मग मला काही ठेवू नका,” थोरली म्हणाली.

मी म्हणालो, “अगं, अर्धं घर आहे. दुसरा साक्षीदार मिळेल. घड्याळजींची बायको आहे, समोरचे—”

“बाबा, त्या सगळ्यांनी पत्र वाचलं होतं का? ओट्याला टेकून कोण उभं होतं?” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. “घर धाकट्याला द्या. घर मला कधीच नको होतं तुमच्याकडून. मला या कागदावर नाव हवंय, माझ्या हाताने लिहिलेलं.”

ही म्हणाली, “तिचं ऐका.” या घरात शेवटचा निकाल तिचा असतो.

सबब कलम पहिल्यात थोरल्या मुलीस दिलेला हिस्सा रद्द समजावा. पत्नीच्या पश्चात सर्व घर धाकट्याचे. थोरल्या मुलीस या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही. हे कोणत्याही रागापोटी नव्हे. तिने मागितले म्हणून. त्यावर कोणी, विशेषतः नातेवाइकांनी, अक्कल पाजळू नये.

कलम नववे. किरकोळ.

शोकसभा नको. भाषणे तर नकोतच. फोटो लावायचा असल्यास चालतानाचा लावावा. उंटाने भाषण करायचा हट्ट धरल्यास त्याला कोंबड्यांचा विषय काढून द्यावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. तेवढा वेळ एका जागी थांबलोच नव्हतो.

थोरलीला मी आत्ता विचारले, माफ केलेस का. ती पेनाचे टोपण काढत होती. म्हणाली, “नाही. अजून मी सुरुवातसुद्धा केलेली नाही. गुरुवारी नीट परत या. मला चोवीस वर्षांचं भांडायचंय, आणि ते मी भिंतीशी भांडणार नाही.”

यास्तव गुरुवारी परत येण्याचा माझा पूर्ण इरादा आहे, आणि तो मी शुद्धीवर असताना नोंदवतो.

वरील मजकूर मी वाचून, समजून, उभ्याने सही केली.

लिहून ठेवणार: (सही) भिंगरी, तेलविहिरी खोदणारा, निवृत्त

साक्षीदार पहिले: (सही) घड्याळजी, खालचा मजला. लिहून ठेवणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. सही करतानाही ते हलत होते.

साक्षीदार दुसरी: (सही) थोरली मुलगी, भूगोल शिक्षिका. लिहून ठेवणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. ती करताना ते जे पुटपुटले ते मी ऐकले. डाव्या बाजूने.

स्थळ: स्वयंपाकघर, मधला मजला
तारीख: १९ मार्च, मंगळवार, सकाळचे अकरा